नव्या घरातले दिवे : सुरुवात आईच्या सुईपासून

कडोदरा चार रस्त्यापासून बारडोलीकडे निघा, चलथाणकडे निघा नाहीतर जोळवा-तांतीथैयाकडे, नव्या सोसायट्या उभ्या दिसतात. त्यातल्या बऱ्याच फ्लॅटांत आपलीच माणसं आहेत. नंदुरबार, धुळे, जळगावहून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेल्या पिढीने उधना-लिंबायतच्या एका-दीड खोलीत निम्मं आयुष्य काढलं. आता त्यांची मुलं, म्हणजे आपण, वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन दोन बेडरूमच्या घरात शिरतोय.

या घरांची खरेदी मी गेल्या दोन-तीन वर्षांत जवळून पाहिली, स्वतःची आणि मित्रांचीही. ओट्याचा दगड कोणता, यावर घरात तीन आठवडे चर्चा होते. दिव्यांचा निर्णय मात्र एका संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या आत होतो. बिल्डरने खोलीत जिथे पॉइंट दिला तिथे पट्टी, वर पीओपी करून बारा गोल पॅनल, कडेने निळी-जांभळी स्ट्रिप, आणि झालं. वास्तुशांतीच्या फोटोत छान दिसतं. त्या उजेडात पुढची दहा-पंधरा वर्षं कोण काय काम करणार आहे, हे कुणी विचारत नाही.

आमच्याकडे तो प्रश्न आधी आला, कारण आई. ती त्रेसष्ट वर्षांची आहे. सुरतेत आल्यापासून तिने घरी बसून साडीचं काम केलंय. पूर्वी धागा कटिंग, नंतर लेस आणि फॉल. आता पैशाची गरज तेवढी नाही, पण गठ्ठा आला नाही की तिला करमत नाही. नव्या घरात आल्यावर महिन्याभरात ती म्हणायला लागली, "रात्री मला मरून आणि चॉकलेटी एकच दिसतं. राणी कलरचा धागा लावते आणि सकाळी बघते तर दुसराच. डोळे गेले माझे, आता हे काम बंद." डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू नव्हता, चष्म्याचा नंबरही बरोबर होता. त्यांनी सहज विचारलं, "रात्री कोणत्या दिव्याखाली बसता?"

मग मी दिवे वाचायला बसलो. जे कळलं ते असं.

पहिली गोष्ट वयाची. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळसर आणि जाड होतं, बाहुलीही लहान राहते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे खोलीतला जो उजेड आपल्याला 'मस्त' वाटतो, तो आई-बाबांना संध्याकाळसारखा वाटत असतो. घरातल्या दिव्यांची निवड पस्तिशीतला मुलगा किंवा सून करते आणि जास्त वेळ घरात असतात ते आई-बाबा. घोळ इथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट रंगाची. ती तर आपल्या गावातच शिकायला मिळते. कडोदरा-पलसाण्याच्या कुठल्याही डाइंग मिलमध्ये ओळखीचं कुणी असेल तर विचारा, शेड मॅच कशी करतात. प्रयोगशाळेत आतून करड्या रंगाची एक पेटी असते, तिच्यात वेगवेगळ्या जातीचे दिवे असतात. एक दिवसाच्या प्रकाशासारखा, एक दुकानातल्या ट्यूबसारखा, एक जुन्या पिवळ्या बल्बसारखा. कापडाचे दोन तुकडे शेजारी ठेवून एकेक दिवा लावून बघतात. एका दिव्याखाली अगदी जुळलेले तुकडे दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात. कारण रंग नुसता कापडात नसतो. दिव्यातून जे रंग बाहेर पडतात, त्यातलेच कापड परत पाठवू शकतं.

आणि आपल्या पांढऱ्या एलईडीतून नेमका कोणता रंग कमी पडतो? लाल. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. निळा आणि पिवळा मिसळून डोळ्याला पांढरं वाटतं. ती निळी चिप बनवणं इतकं अवघड होतं की त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. पण स्वस्त फॉस्फरमध्ये गडद लाल फार थोडा असतो, त्यामुळे मरून, राणी, चॉकलेटी, कुंकवाचा लाल हे सगळे एकमेकांत मिसळतात. आईचे डोळे ठीक होते. तिच्या दिव्यात लाल नव्हता.

हे मोजायचा आकडा आहे, सीआरआय. जुन्या तारेच्या बल्बचा जवळपास १००. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच एलईडीच्या खोक्यावर '८० पेक्षा जास्त' लिहिलेलं असतं. ८० वाईट नाही, जेवायला, टीव्ही बघायला पुरेसा आहे. पण हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्या आठात धरलेलाच नसतो. म्हणून शिवण, रंगकाम, मेकअपचा आरसा अशा जागी ९० च्या वरचा दिवा मागावा. तो थोडा महाग पडतो आणि तेवढ्याच वॅटमध्ये उजेड किंचित कमी देतो. दुकानदार 'सगळे सारखेच असतात' म्हणाला तर वाद घालू नका. घरून मरून, राणी आणि चॉकलेटी धाग्याची एकेक रीळ खिशात घेऊन जा आणि दिवा लावून त्याखाली धरा. मी तेच केलं. तिसऱ्या दुकानात तिन्ही रिळा वेगवेगळ्या दिसल्या, तिथे घेतला.

वॅट बघून दिवा घ्यायची आपली सवय आता उपयोगाची नाही. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते, उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा, तेवढाच उजेड आज ८-९ वॅटचा एलईडी देतो. बीईईचे तारे एलईडी बल्बवर दिसतात ते याच हिशोबाचे, एका वॅटमागे किती ल्युमेन. तारे जास्त म्हणजे बचत जास्त, पण ताऱ्यांवरून रंग चांगला दिसेल की नाही ते कळत नाही. एलईडी घराघरात पोचला तो सरकारच्या उजाला योजनेने. ५ जानेवारी २०१५ ला ती सुरू झाली आणि ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. त्यामुळे आज दिव्याची किंमत ही अडचण राहिलेली नाही. पीओपीला पन्नास हजार घालणाऱ्या माणसाने आईच्या दिव्यासाठी चारशे रुपये जास्त द्यायला कुरकुर करू नये, एवढंच म्हणणं आहे.

पिवळा की पांढरा, हा वाद प्रत्येक घरात होतो. खोक्यावर केल्विन लिहिलेलं असतं. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे ६५०० लाच 'खरा उजेड' मानतात, कारण ट्यूबलाइटची सवय आहे. झोपायच्या खोलीत पिवळसर बरा. रात्री निळसर उजेड जास्त झाला तर झोप लांबते. शिवणाला आणि ओट्याला मी ४००० घेतला. आईला आधी तो 'मळका' वाटला. चार दिवसांनी तिने स्वतःच वरची पांढरी पट्टी बंद ठेवायला सुरुवात केली.

आता जागा. खोलीच्या मधोमध छताला कितीही मोठा दिवा लावा, भिंतीकडे तोंड करून काम करणाऱ्याच्या हातावर त्याचीच सावली पडते. ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरणारी बाई आयुष्यभर स्वतःच्या सावलीत चिरत असते. उपाय अगदी साधा आहे. वरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला एक पट्टी. दिवा जवळ आणला की उजेड झपाट्याने वाढतो. अंतर निम्मं केलं तर चौपट होतो. म्हणून छतावरच्या चाळीस वॅटपेक्षा हाताजवळचा नऊ वॅट भारी पडतो. फोनमध्ये उजेड मोजायचं ॲप मिळतं. ते तंतोतंत नसतं, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला चांगलं. आई हॉलच्या कोपऱ्यात जिथे बसायची तिथे ७० लक्सच्या आसपास आकडा आला. शिवणकामाला निदान ३०० लागतात, साठीनंतर त्याहून जास्त. भिंतीवर वळवता येणारा, टोपी असलेला दिवा तिच्या डाव्या हाताला लावला, तेव्हा मांडीवरच्या कपड्यावर पाचशेच्या वर गेला. डाव्या हाताला, कारण ती उजव्या हाताने शिवते. टोपी यासाठी, की दिवा तिच्या डोळ्यात थेट जाऊ नये. वयस्कर डोळ्याला उजेड जास्त हवा असतो आणि चमक मात्र अजिबात सोसत नाही.

दिवा लुकलुकतो का तेही बघावं. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास फेऱ्या करतो, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा, पट्टे किंवा थरथर दिसली तर तो दिवा ठेवून द्या. लूमच्या कारखान्यात काम केलेले जुने लोक याचं कारण वेगळं सांगतील. लुकलुकत्या ट्यूबखाली फिरणारं चाक कधी कधी थांबल्यासारखं दिसतं आणि माणूस हात घालतो. म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडायची पद्धत होती. घरात शिलाई मशीन असेल तर हीच काळजी.

पंख्याचं एक सांगून टाकतो. पीओपीवाला चारही बाजूंना सारख्या अंतरावर पॅनलची भोकं पाडतो आणि त्यातली दोन-तीन पंख्याच्या पात्यांच्या वर येतात. मग पंखा सुरू झाला की खोलीभर सावल्या नाचतात. आधी पंख्याचा घेर पेन्सिलने आखून घ्या, दिवे त्याच्या बाहेर. झुंबर किंवा जड लटकता दिवा असेल तर तो स्लॅबला पकडलेला हवा, पीओपीला नाही. आणि शक्यतो दिवा असा घ्या की आतला बल्ब बदलता येईल. सपाट पॅनलमध्ये एलईडी आणि ड्रायव्हर आतच बसवलेले असतात, बिघडलं की अख्खं फिटिंग जातं, आणि दोन वर्षांनी त्याच मापाचं मिळेलच असं नाही.

खोक्यावर '२५,००० तास' लिहिलेलं असूनही दिवे दीड वर्षात का जातात, हे मला खूप जणांनी विचारलंय. एलईडी चिप सहसा जात नाही, तिचा ड्रायव्हर जातो. त्यातल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. साधारण दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. आपला एप्रिल-मे, वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब आणि त्याखाली पीओपीची बंद पोकळी, एवढ्यात तो किती टिकणार? घरातले सगळेच दिवे पटापट जात असतील तर मात्र दिवा बदलत बसू नका, न्यूट्रल तपासून घ्या. तीन फेजच्या बिल्डिंगमध्ये मुख्य न्यूट्रल सैल झाला तर काही घरांत २३० च्या जागी ३०० च्या पुढे व्होल्टेज येऊ शकतं. तेव्हा टीव्ही, फ्रिजही जातो.

इथून पुढचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण जिवाशी संबंध याचाच आहे.

बटण बंद केल्यावरही एलईडी अंधारात मंद मिणमिणताना पाहिलाय का? पुष्कळ घरांत दिसतो आणि लोक हसून सोडून देतात. कधी बटणातल्या छोट्या इंडिकेटरमुळे होतं, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण कधी कधी त्याचा अर्थ असा असतो की बटण फेजच्या तारेवर नसून न्यूट्रलवर लावलंय. दिवा बंद होतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहते. बटण बंद आहे या भरवशावर कुणी ओल्या हाताने बल्ब बदलायला गेलं की झटका बसतो. आमच्या नव्या घरात बाथरूमच्या दिव्याचं असंच निघालं. वायरमन भाईंनी टेस्टर लावून दाखवलं, "जुओ, स्विच बंध छे ने फेज आवे छे." पाच मिनिटांत तारा अदलाबदल केल्या. माझ्या मते नव्या घराचा ताबा घेतल्यावर पहिल्या आठवड्यात हे प्रत्येक पॉइंटला तपासून घ्यावं, आणि ते वायरमनकडून, स्वतः स्टुलावर चढून नाही.

दुसरं अर्थिंग. प्लगला तिसरी, हिरवी तार असते हे सगळ्यांना माहीत आहे. दिव्याच्या पॉइंटला मात्र बऱ्याचदा दोनच तारा आणून सोडतात. प्लास्टिकच्या बल्ब होल्डरला त्याने फरक पडत नाही. पण पितळी झुंबर, लोखंडी वॉल लाइट, धातूची बॉडी असलेला आरशावरचा दिवा यांना अर्थ जोडलीच पाहिजे. फिटिंगवर तशी खूण आणि हिरव्या तारेचा स्क्रू असतो. तो रिकामा ठेवून वर चढवलेलं झुंबर मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय. आणि मेन बोर्डात आरसीसीबी आहे का बघा, ३० मिलिअँपिअरची. एमसीबी वायरिंग वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी. तिच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं, ते अधूनमधून दाबायचं, दाबल्यावर ती खाली पडली पाहिजे. पडली नाही तर ती फक्त शोभेला आहे. काम करणाऱ्याकडे वायरमनचं परमिट आहे का हे विचारायला लाजू नका. टाइल्सवाल्याला आपण दहा घरांचे फोटो मागतो की.

रात्रीच्या दिव्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. वयस्कर माणूस रात्री दोनदा तरी उठतो. मोठा दिवा लावला तर डोळे दिपतात, झोप उडते, म्हणून तो अंधारातच चाचपडत बाथरूमकडे जातो, आणि ओल्या टाइलवर पडतो. पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन छोटे पिवळसर दिवे, हालचाल दिसली की लागणारे. एक-दोन वॅटचं काम. पलंगापाशी आणि दारापाशी दोन्हीकडून चालणारं बटण हवं असेल तर त्याची जास्तीची तार भिंत बंद व्हायच्या आधी टाकावी लागते. नंतर सुचलं तर टाइल फोडा.

आपल्या घरांसाठी एक खास पॉइंट सांगतो. इथले बिल्डर गॅलरीत आकाशकंदिलाची सोय देत नाहीत, त्यांच्या डोक्यातच ते नसतं. मग दर दिवाळीला खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर बाहेर, वर सेलोटेप. गॅलरीच्या स्लॅबला एक हूक, शेजारी झाकणाचा प्लग आणि आतून बटण, एवढं वायरिंगच्या वेळीच सांगून टाका. गॅलरीतला दिवा आयपी ६५ चा घ्या, पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. मिलच्या बाजूला गॅलरी असेल तर काळी पूड बसतेच. दोन-तीन महिन्यांनी दिवा बंद करून कोरड्या फडक्याने पुसला तरी उजेडात फरक दिसतो.

स्मार्ट दिव्यांबद्दल मित्र हमखास विचारतात, कारण मी सॉफ्टवेअरमध्ये. मी ते घेतले नाहीत. स्मार्ट बल्बचं भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं, आणि आईला खोलीतून निघताना बटण बंद करायची पन्नास वर्षांची सवय आहे. बटण बंद झालं की बल्ब वायफायवरून गायब. ज्यांना हवेच असतील त्यांनी भिंतीतले स्मार्ट स्विच घ्यावेत. पण त्यांतल्या बहुतेकांना बोर्डात न्यूट्रल लागतो आणि दिव्यांच्या बोर्डात तो नेहमी आणलेला नसतो, तेव्हा तेही आधीच सांगायचं.

आई आता रात्री साडेनऊपर्यंत गठ्ठा संपवते. मरून आणि चॉकलेटी रिळा एकाच डब्यात ठेवते. समोरच्या ब्लॉकमधल्या दोन मावश्या येऊन तिचा दिवा बघून गेल्या, आणि त्यातल्या एकीच्या मुलाने मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, "दादा, खोक्यावर काय बघायचं ते टाइप करून पाठव ना." हा लेख म्हणजे तो मेसेज, जरा लांबलेला.

एक राहिलं. पीओपी चढवायच्या आणि प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा आणि छताचा फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. आत पाइप कुठून गेलाय ते पुढे कुणालाच आठवत नाही. नाहीतर पाच वर्षांनी गणपतीची मखर टांगायला कुणीतरी ड्रिल घेऊन उभं राहतं आणि तार नेमकी तिथेच असते.